दहा किलोच्या खाली

जालन्याच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
साठ टनी वजनकाट्याच्या काचेच्या खोपटात मी बसतो.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेली वजा रिकामी, म्हणजे माल.
एवढ्या वजाबाकीचे मला अकरा हजार मिळतात
आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा.

येतं ते भंगार.
त्यात मी गावं ओळखतो.
भोकरदनकडच्या हातपंपाचं मुंडकं,
दांडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला.
(पाणी सहाशे फुटांवर गेलं.
ज्याची बोअर तिथवर पोचली, पाणी त्याचं झालं.
बाकीच्यांना त्याचाच टँकर.)
मोसंबी वाळल्यावर निघालेलं डिझेल इंजन.
पट कमी म्हणून बंद झालेल्या शाळेचे बाक,
नुसते सांगाडे, फळ्या चुलीत गेलेल्या.
मुलींना सरकारनं दिलेल्या सायकली.
एकीला घंटी होती, ती मी काढून ठेवली.

जाते ती सळई.
पुण्याकडे, आमच्या पोरांच्या पुढंमागं.
ती तिथं इमारतीच्या आत असते,
पोरं गेटवर.

अनुशेष हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता.
समित्या, त्यांची वर्षं, कोटींचे आकडे, सगळं तोंडावर.
तीन वेळा बसलो. प्रश्न आला नाही.

लोचनाबाई साळवे पहाटे चारला येते,
गेटबाहेर गाड्यांतून सांडलेलं वेचते,
खिळे, पत्र्याचे कातरण, एखादा बोल्ट.
परवा बाचकं डोक्यावर घेऊन थेट खिडकीशी आली.
"काटेवाले, माह्यं वजन करा.
दवाखान्यातला काटा बंद हाये,
नर्सबाई म्हन्ली आकडा कुठून बी लिहून आणा."

गाडी नव्हती. म्हटलं, चढा.
साठ टनांच्या त्या लोखंडी पटांगणावर
मधोमध उभी राहिली, फोटोला राहतात तशी ताठ.
चाळीस.
"बाचक्यासकट?"
बाचकं बाहेर ठेवून आली. पुन्हा उभी राहिली.
चाळीस.
बाचकं डोक्यावर. चाळीस.
खाली. चाळीस.

"मंग ह्यो रातभरचा माल गेला कुठं?"

मी सांगितलं, हा काटा दहादहानं मोजतो, बाई.
मधलं धरत नाही.
जवळच्या दहावर नेऊन ठेवतो.
"कोन्ताच काटा धरीत न्हाई," ती म्हणाली,
"भंगारवाल्याचा तर आठाचे सातच दावतो."

नर्सबाईला छापील दाखवावं म्हणून पावती काढायला घेतली.
गाडी नंबरशिवाय पुढं जाईना.
एमएच एकवीस टाकलं, पुढं सगळी शून्यं.
माल कोणता, यंत्रानं विचारलं.
दोनच पर्याय: भंगार, सळई.
बोट जरा वेळ तसंच राहिलं.
सळई दाबलं.

तिला वाचता येत नाही. काय लिवलं, विचारलं.
सांगितलं.
हसली नाही. म्हणाली, "सळईला काय भाव हाये?"
बावन्न.
"मला बावीस देतो त्यो. मधले तीस?"

मी बोटं मोजायला लागलो.
भंगारवाला, ट्रक, टोल, भट्टीची वीज,
बँकेचं व्याज, शेटजींचं कॉलेज,
भट्टीसमोरच्या बिहारच्या पोराला त्यातलं थोडं
(मागच्या उन्हाळ्यात भट्टी उडाली,
त्याच्या घरी गेलेली रक्कम मी मोजली नाही,
ती ह्या काट्यावरून गेली नव्हती),
मला थोडं,
आणि...
"हां," ती म्हणाली, "आणि."

मागं हॉर्न वाजला. छत्तीसगडची गाडी, दिवे डोळ्यांवर.
लोचनाबाई उतरली, पावतीची घडी
बटव्यात, सुपारीशेजारी.
काटा शून्यावर आला.
ट्रक चढला. बत्तीस हजार चारशे दहा.
दहा की सहा की चौदा,
ड्रायव्हरनं विचारलं नाही.
मीही आजवर कधी विचारलं नव्हतं.